डाग दिलेला हंडा

लोइस टॅबर, वय एकाहत्तर,
तीस वर्षं शाळेची बस चालवून निवृत्त.
आता मंगळवारी आणि गुरुवारी टाउन हॉलच्या तळघरात
हीटरपाशी बसून मेलेल्यांची हजेरी घेते.

'थँकफुल लॅथ्रप.'
चार हात वर होतात.

एक सेठची बायको, एक सेठची मुलगी,
एक सेठच्या धाकट्या भावाची विधवा, जिने पुढे सेठशीच लग्न केलं,
आणि एक सहा आठवड्यांची.
सेठ तीन आहेत.

टॅबर आणि लॅथ्रप. कनेक्टिकटच्या खाजणकाठी
दोन घराणी, मध्ये एक दगडी गडगा.
शंभर वर्षं गडग्यावरून मुली दिल्या, मुली आणल्या,
उघड उघड साटंलोटं:
दोघा भावांना दोघी बहिणी,
त्यांच्या पोरांना पुन्हा त्यांच्यातल्याच.
लोइसच्या भाषेत या सगळ्यांना एकच शब्द, कझिन.
आते, मामे, चुलत, मावस
एका पोत्यात कोंबून तोंड शिवलेलं.
पाद्र्याने ते नोंदवहीत ठेवलं आणि जेवायला गेला.

ती उसवत बसते. एका रात्री हिशेब लागला:
लोइस ही लोइसचीच आठव्या पिढीतली बहीण,
आईकडून एकदा, वडिलांकडून दोनदा.
दात घासताना आरशाला म्हणाली,
'काय गं, घरचे बरे आहेत ना?'

लोक म्हणतात जमीन, लोक म्हणतात धर्म, हट्ट.
लोइसला रस्ते ठाऊक आहेत. ती म्हणते, अंतर.
रविवारची प्रार्थना संपवून निघालेला मुलगा
सोमवारच्या धारेआधी गोठ्यात हवा.
भरतीच्या चिखलातून तेवढ्यात
एकच उंबरा गाठता येतो.

नावं फसवतात. म्हणून नावं सोडून
ती एका हंड्यामागे लागलीय.
'तांब्याचा मोठा हंडा, बुडाला डाग दिलेला.'
१७०९ च्या मृत्युपत्रात आजी तो नातीला देते.
१७३१ त तो गडगा ओलांडतो,
१७५८ त सासरहून माहेरी परततो.
ज्या थँकफुलच्या चुलीवर हंडा, ती आपली.
बाकीच्या तिघीही आपल्याच म्हणा,
पण त्यांना थांबावं लागेल.

१७५८. सेठ लॅथ्रप वारला, मालमत्तेची यादी केली:
हंडा, बारा शिलिंग.
दुभत्या गाई, दोन.
हॅना.
तिच्यापुढे आकडा आहे, लोइसने तो वहीत उतरवला नाही.

पाच वर्षांनी चर्चच्या वहीत:
'टिमथी टॅबरचा विवाह, हॅनाशी.'
बाप नाही, गाव नाही, आडनाव नाही.
नावानंतर काहीतरी लिहून खरवडलंय,
कागद तिथे कांद्याच्या सालीसारखा.

एव्हरेट, तिचा कझिन, कुठल्या बाजूने ते विचारू नका,
म्हणतो, 'उंदरांनी कुरतडलं असेल. सोड.
हॅना नावाच्या गावात नऊ जणी होत्या.'
होत्या. लोइसने मोजल्यात.
बाकी आठ जणींचे बाप लिहिलेले आहेत.

आणि १७९१ मध्ये एक विधवा
थोरल्या मुलीच्या नावे एक वस्तू ठेवते:
तांब्याचा हंडा, बुडाला डाग दिलेला.
सहीच्या जागी फुली.
शाई दोन्ही रेघांवर सारखी दाबलेली,
हात कापलेला नाही.
ती मुलगी लोइसच्या थेट रेषेत येते.

तक्त्यात हॅनाच्या वर दोन चौकटी, आई आणि बाप.
तिथे 'अज्ञात' लिहायचा नियम आहे.
लोइस पेन्सिल उचलते, खाली ठेवते.
बसवर तिचा स्वतःचा एक नियम होता:
थांब्यावर मूल दिसलं नाही
तरी दार उघडायचं, वीस मोजायचे.
हिवाळ्यात मागची पोरं ओरडायची, बाई, थंडी!

ती मोजायला लागते.
एकोणीसपाशी हीटर बंद पडतो.